सहकाऱ्याचे कमिट पुन्हा पुन्हा गायब होत असतील तर गिटचे डिफॉल्ट आणि इशारे तपासा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल, आणि कमिट म्हणजे त्या इतिहासातली एक नोंद. लक्षण असं असतं. काल कुणीतरी आपलं काम सामाईक ब्रँचवर (इतिहासाच्या फांदीवर) पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर चढवलं, इतरांनी ते पाहिलंही, आणि आज ते तिथे नाही. कुणी काही डिलीट केल्याचं आठवत नाही, बिल्ड फुटलेलं नाही, कुठे एररही दिसत नाही. शोधाशोध होते, काम कुणाच्या तरी मशीनवर सापडतं, परत चढवलं जातं आणि "फोर्स पुश जपून करा" असा मेसेज सगळ्यांना जातो. (फोर्स पुश म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास आपल्या इतिहासाने जबरदस्तीने बदलणं.) काही दिवसांनी पुन्हा तेच घडतं, फक्त ब्रँच वेगळी आणि माणूसही वेगळा.

माणूस दर वेळी वेगळा असतो, ही या दुखण्यातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. नवशिके आणि मुरलेले दोघंही त्याच खड्ड्यात पडत असतील, तर त्यांना सावध राहायला सांगून काही साधत नाही. सुरक्षित वाट लांबची आणि धोक्याची वाट एका शब्दावर, अशी मांडणी टूलमध्येच कुठेतरी आहे. ती बदलता येते. पण आधी गेलेलं काम परत मिळवू.

(खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच द्यायच्या.)

## आधी खात्री: कमिट गेलाय की मजकूर गेलाय?

हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची सरसकट गल्लत होते. `गिट फेच` करा, म्हणजे सर्व्हरवरचे ताजे बदल नुसते आणा, आणि हरवलेल्या कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) माहीत असेल तर `गिट ब्रँच -आर --कन्टेन्स <हॅश>` चालवा. उत्तरात ओरिजिन/मेन (सर्व्हरवरची मुख्य ब्रँच) आलं, तर कमिट इतिहासात शाबूत आहे. मग त्यातला मजकूर पुढच्या एखाद्या मर्जमध्ये (दोन इतिहास एकत्र करताना) गेलेला असतो: कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच जागी दोघांचे बदल आदळले, सोडवणाऱ्याने सरसकट आपली बाजू ठेवली आणि दुसऱ्याच्या ओळी पुसल्या गेल्या. संशयित मर्ज कमिटवर `गिट शो --रीमर्ज-डिफ <हॅश>` चालवा. गिटने आपणहून केलेला मर्ज आणि माणसाने प्रत्यक्षात ठेवलेला निकाल यांतला फरक ते दाखवतं, त्यामुळे पुसलेल्या ओळी लगेच नजरेत येतात. हा पर्याय २.३५ आवृत्तीपासून आहे. फोर्स पुशशी या प्रकाराचा संबंध नसतो.

ओरिजिन/मेन यादीत नसेल, तर इतिहास मागे ढकलला गेलाय. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

## परत कसं मिळवायचं

ज्याने पुश केला त्याचं टर्मिनल अजून उघडं असेल तर काम सोपं आहे. साध्या पुशनंतर येणाऱ्या ओळीत जुना आणि नवा हॅश यांच्यामध्ये दोन टिंबं असतात. फोर्स पुशनंतर ती ओळ अशी दिसते:

`+ ४०९१७२३...८८२६०१५ मेन -> मेन`

सुरुवातीला अधिक चिन्ह, मध्ये तीन टिंबं आणि शेवटी कंसात "फोर्स्ड अपडेट". टिंबांच्या आधीचा हॅश म्हणजे पुशपूर्वी सर्व्हरवर ब्रँच जिथे होती ती जागा. तो तेवढा टिपून ठेवा. बाकी सगळं त्यावरून काढता येतं.

टर्मिनल बंद झालं असेल, तर जुना इतिहास ज्याच्याकडे आला होता अशा कुणाच्याही मशीनवर `गिट रीफ्लॉग ओरिजिन/मेन` पाहा. रीफ्लॉग म्हणजे ब्रँच कधी कुठे होती याची गिटने ठेवलेली नोंदवही. तिथे "फोर्स्ड-अपडेट" अशी नोंद दिसेल आणि तिच्या खालच्या ओळीत जुना हॅश. वेळेची फार घाई नसते. रीफ्लॉगच्या नोंदी डिफॉल्टने ९० दिवस राहतात, आणि ब्रँचच्या सध्याच्या टोकापासून पोचता न येणाऱ्या कमिटच्या नोंदी ३० दिवस. गिटचा हा डिफॉल्ट मला फार आवडतो. चूक होणारच असं गृहीत धरून तो ठेवलेला आहे.

सर्व्हरवर मात्र हे संरक्षण नसतं, आणि ते अनेकांच्या लक्षात येत नाही. बेअर रेपोमध्ये (सर्व्हरवर असतो तसा, फाइलींची उघडी प्रत नसलेला रेपो) रीफ्लॉग डिफॉल्टने बंद असतो. सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर तिथे आजच `गिट कॉन्फिग कोअर.लॉगऑलरेफअपडेट्स ट्रू` करून ठेवा. जागा नगण्य लागते.

हॅश मिळाला की `गिट ब्रँच वाचवलेले ४०९१७२३`. हॅशवाला ऑब्जेक्ट तुमच्याकडे नसेल, तर ज्याचं काम गेलं त्याच्याकडे तो बहुधा असतो, ही कमांड त्याच्या मशीनवर द्या. यानंतर बहुतेक जण घाईत एक वाईट गोष्ट करतात: जुनी स्थिती पुन्हा फोर्स पुश करतात. मधल्या वेळात तिसऱ्याने काही चढवलं असेल तर आता त्याचं काम जातं. त्याऐवजी `गिट लॉग --चेरी-पिक --राइट-ओन्ली ओरिजिन/मेन...वाचवलेले` चालवा. नुसता हॅश बदललेले कमिट ते गाळतं आणि खरोखर हरवलेले तेवढे दाखवतं. ते चालू टोकावर चेरी-पिक करा (एकेक कमिट उचलून तिथे लावा) आणि साधा पुश करा.

## हे पुन्हा पुन्हा का होतं

कारण समजून घ्यायला एक अगदी सामान्य दिवस पुरतो. तुम्ही तुमच्या फीचर ब्रँचवर आहात. रिव्ह्यूमध्ये सुचवलेला बदल केला, आधीचा कमिट अमेंड केला (सुधारून पुन्हा लिहिला) किंवा मेनवर रीबेस केलं (आपले कमिट मेनच्या ताज्या टोकावर पुन्हा चढवले). आता लोकल (आपल्या मशीनवरचा) आणि रिमोट (सर्व्हरवरचा) इतिहास वेगळे झाले. पुश केला, गिटने नाकारला आणि सल्ला दिला: तुमचं टोक रिमोटच्या मागे आहे, आधी पुल करा, म्हणजे रिमोटचे बदल आणून आपल्यात मिसळा.

या प्रसंगी तो सल्ला चुकीचा आहे. पुल केलं तर रीबेसपूर्वीचे जुने कमिट परत येऊन मिसळतात, प्रत्येक बदल इतिहासात दोनदा दिसतो आणि नको ते कॉन्फ्लिक्ट उभे राहतात. एकदोनदा हे भोगलं की माणूस शिकतो: हा इशारा आला की `--फोर्स` द्यायचं. आणि ते शिकणं दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरतं.

दहाव्या वेळी त्याच ब्रँचवर सहकाऱ्याने एक कमिट टाकलेला असतो. तो तुमच्याकडे आधीच फेच झालेला असेल तर इशारा तसाच येतो, अक्षरही इकडचं तिकडे नाही. फेच झालेला नसेल तर शब्द थोडे बदलतात, पण सल्ला तोच असतो. हात आपोआप `--फोर्स` टाइप करतात.

मूळ गाठ इथे आहे. निरुपद्रवी आणि घातक अशा दोन्ही प्रसंगी तोच किंवा जवळजवळ तोच इशारा येतो, आणि निरुपद्रवी प्रसंग रोजचा असतो. असा इशारा लोकांना वाचायला लावत नाही, न वाचण्याची सवय लावतो. गिटच्या नव्या आवृत्त्यांत त्याची भाषा थोडी सुधारली आहे, म्हणजे रिमोटचे बदल घ्यायचे असतील तर पुल करा असं तो आता म्हणतो, पण कुणाचं काय जाणार हे अजूनही सांगत नाही.

`गिट पुल`चं उदाहरणही याच जातीचं. २०२० मध्ये आलेल्या २.२७ आवृत्तीने पुल करताना मर्ज हवं की रीबेस हे ठरवून ठेवा असा लांबलचक इशारा द्यायला सुरुवात केली. तेव्हा तो इतिहास वेगळे झालेले नसतानाही यायचा. लोक वैतागले आणि कुठूनतरी उचललेली पहिली ओळ कॉन्फिगमध्ये टाकून मोकळे झाले. पुढे त्याची व्याप्ती कमी झाली, आणि २०२१ च्या अखेरीस गिटने योग्य तेच केलं: इतिहास खरोखर वेगळे झाले असतील आणि तुम्ही काही ठरवलेलं नसेल, तर पुल एरर देऊन थांबतं. सरळ पुढे सरकता येत असेल तर एक शब्द न बोलता काम होतं. साध्या प्रसंगी गप्प राहा आणि अवघड प्रसंगी थांबा, हीच दिशा पुशलाही लावायची आहे.

## `--फोर्स`ची जागा कशाला द्यायची

`--फोर्स-विथ-लीज` हा पर्याय २०१३ पासून आहे. रिमोट ब्रँच शेवटची जिथे पाहिली होती ती अजून तिथेच असेल तरच पुश करायचा, नाहीतर नाकारायचा, असा त्याचा अर्थ. बहुतेक लेख इथे संपतात. पण यात एक छिद्र आहे, आणि ते नेमकं एडिटर नीट लावून बसलेल्यांनाच नडतं.

"शेवटची पाहिली होती" हे गिट ओरिजिन/ब्रँच या नोंदीवरून ठरवतं. एडिटरमध्ये ऑटो-फेच चालू असेल तर ती नोंद तुमच्या नकळत मागच्या मागे ताजी होत राहते. सहकाऱ्याचा कमिट फेच झाला, तुम्ही तो पाहिलाही नाही, पण गिटच्या लेखी तुम्ही पाहिलाय. लीज पास होते आणि कमिट जातो. "लीज वापरूनही काम गेलं" अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी एडिटरची ऑटो-फेच सेटिंग पाहायला सांगतो.

हे छिद्र बुजवायला २.३० मध्ये `--फोर्स-इफ-इन्क्लूड्स` आलं. रिमोटचं टोक तुमच्या लोकल ब्रँचमध्ये कधीतरी येऊन गेलंय का, हे ते लोकल ब्रँचच्या रीफ्लॉगवरून तपासतं. तुमचेच रीबेसपूर्वीचे कमिट तिथे असतात, म्हणून रोजचा प्रसंग निमूट पार पडतो. सहकाऱ्याचा नुसता फेच झालेला कमिट तिथे नसतो, म्हणून पुश थांबतो. एकाच इशाऱ्यात मिसळलेले दोन प्रसंग इथे वेगळे होतात. प्रत्येकाच्या मशीनवर एकदा हे करून ठेवा:

`गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.यूजफोर्सइफइन्क्लूड्स ट्रू`

`गिट कॉन्फिग --ग्लोबल अलायस.पुशएफ "पुश --फोर्स-विथ-लीज"`

`गिट कॉन्फिग --ग्लोबल पुल.एफएफ ओन्ली`

पहिली ओळ एकटी काही करत नाही, ती लीजसोबतच लागू होते, आणि तीही लीजला अपेक्षित हॅश हाताने दिलेला नसेल तरच. साध्या `--फोर्स`चा अर्थ बदलणारी सेटिंग गिटमध्ये नाही, आणि गिट आपल्या मूळ कमांडवर अलायस (आपण ठेवलेलं दुसरं नाव) चढवूही देत नाही. म्हणून सुरक्षित वाटेला धोक्याच्या वाटेपेक्षा छोटं नाव द्यायचं. `गिट पुशएफ` टाइप करायला `गिट पुश --फोर्स`पेक्षा कमी अक्षरं लागतात, आणि हात नेहमी जवळची वाट धरतात.

ही कॉन्फिग रेपोमधून सगळ्यांना आपोआप मिळाली असती तर बरं, असं वाटतं खरं. गिट ते मुद्दाम करत नाही. कॉन्फिग आणि हूक (गिटच्या ठरावीक टप्प्यांवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) क्लोनबरोबर आले असते तर अनोळखी रेपो क्लोन करणं म्हणजे अनोळखी माणसाचा कोड आपल्या मशीनवर चालवणं ठरलं असतं. याच काळजीपोटी २०२२ च्या एप्रिलमध्ये २.३५.२ ने दुसऱ्या युजरच्या मालकीच्या फोल्डरमधला रेपो वापरायला नकार द्यायला सुरुवात केली. तेव्हा प्रोजेक्टच्या सेटअप स्क्रिप्टमध्ये या तीन ओळी `--ग्लोबल` वगळून घाला, म्हणजे त्या त्या रेपोपुरत्याच लागतील.

## सर्व्हरवर

मशीनवरची सेटिंग कुणीही बदलू शकतो, म्हणून मेन आणि रिलीज ब्रँचचा शेवटचा बंदोबस्त सर्व्हरवरच हवा. गिटलॅब डिफॉल्ट ब्रँच मुळातच संरक्षित ठेवतं. गिटहबवर नियम आपण बनवायचा असतो, एकदा बनवला की त्या ब्रँचवर फोर्स पुश बंद होतो. स्वतःचा साधा सर्व्हर असेल तर `रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स ट्रू` आणि जोडीला `रिसीव्ह.डिनायडिलीट्स ट्रू`. पहिली फोर्स पुश नाकारते, दुसरी ब्रँच डिलीट करणं. दुसरी सेटिंग विसरू नका. ब्रँच आधी डिलीट करून मग नव्याने पुश केली की पहिली सेटिंग निष्प्रभ होते. `गिट इनिट --शेअर्ड`ने बनवलेल्या रेपोत पहिली सेटिंग आपोआप चालू असते, कारण तो रेपो अनेकांचा आहे हे गिटला तिथे माहीत असतं.

या दोन्ही सेटिंग संपूर्ण रेपोला लागतात. फीचर ब्रँचवर रीबेस करणाऱ्यांचा रस्ता त्यामुळे बंद होतो, आणि मग कुणीतरी कंटाळून सेटिंगच काढून टाकतं. काही ब्रँच मोकळ्या ठेवायच्या असतील तर अपडेट हूकमध्ये ब्रँचच्या नावावरून ठरवा.

यानंतरही कमिट जात असतील तर माणसांकडे बघणं सोडा आणि स्क्रिप्ट उघडा. सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या) टोकनला बऱ्याचदा ब्रँचचे नियम ओलांडायची परवानगी दिलेली असते. `गिट पुश ओरिजिन +मेन` यातलं ते एवढंसं अधिक चिन्ह म्हणजे त्या ब्रँचपुरता पूर्ण फोर्सच, आणि ते डोळ्यांतून सहज निसटतं. त्याहून लपलेलं कारण म्हणजे मिरर. `गिट क्लोन --मिरर`ने बनवलेल्या रेपोच्या कॉन्फिगमध्ये रिमोटखाली मिरर ट्रू अशी नोंद असते, आणि तिथून केलेला साधा `गिट पुश`सुद्धा मिरर पुश होतो: सगळ्या ब्रँच जबरदस्तीने जुळवतो आणि त्याच्याकडे नसलेल्या ब्रँच रिमोटवरून काढून टाकतो. बॅकअपसाठी बनवलेल्या अशा प्रतीतून कुणी "जरा पुश करून बघू" म्हटलं, तर काय होतं ते सांगायला नको. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये जेनकिन्स प्रकल्पाच्या दीडशेहून जास्त रेपोंच्या ब्रँच एका चुकून गेलेल्या फोर्स पुशने जुन्या स्थितीला गेल्या होत्या. पुश करणारा माणूस एकच होता आणि त्याचा हेतू तसा मुळीच नव्हता.

## इशारा कसा लिहायचा

फीचर ब्रँच मोकळ्या ठेवल्या तर तिथे प्री-पुश हूक लावावा असं माझं मत आहे. या हूकला प्रत्येक ब्रँचसाठी चार गोष्टी मिळतात: लोकल ब्रँच, तिचा हॅश, रिमोट ब्रँच आणि तिचा हॅश. रिमोटचा हॅश सर्व्हरने त्या क्षणी सांगितलेला असतो, त्यामुळे ऑटो-फेचचा घोळ इथे नाही. शिवाय फोर्स नसलेला, नाकारला जाणारा पुश हूकपर्यंत येतच नाही. म्हणजे लोकल टोक रिमोट टोकाचं वंशज नसेल, तर फोर्स दिलेला आहे हे नक्की. (नवी ब्रँच आणि डिलीट होणारी ब्रँच यांचा हॅश सगळा शून्यांचा येतो, ते प्रसंग आधी वेगळे काढा.)

मग वर वापरलेलाच लॉग चालवून हरवणारे कमिट काढा आणि लेखक बघा. सगळे तुमचेच असतील तर काहीही छापू नका. दुसऱ्याचा एक जरी असला तरी थांबवा. रिमोटचा हॅश तुमच्या रेपोत सापडलाच नाही, तर ते काम तुम्ही कधी आणलंच नाही, तेव्हाही थांबवा आणि फेच करायला सांगा.

थांबवताना काय छापता याला फार महत्त्व आहे. "सावधान! हा पुश धोकादायक असू शकतो. पुढे जायचं? हो/नाही" असं लिहिलंत तर चार दिवसांत सगळे न बघता हो दाबायला लागतील. त्याऐवजी असं लिहा:

`पुश थांबवला. 'लॉगिन-दुरुस्ती' ब्रँचवरून दुसऱ्यांचे २ कमिट नाहीसे होतील:`

`४०९१७२३  (लेखकाचं नाव)  पासवर्ड रीसेटची टेस्ट`

`३३५०८१६  (लेखकाचं नाव)  सेशन टाइमआउट दुरुस्त`

`ते ठेवायचे असतील तर: गिट फेच, मग गिट रीबेस ओरिजिन/लॉगिन-दुरुस्ती`

`खरंच काढायचे असतील तर आधी लेखकाशी बोला, मग --नो-व्हेरिफाय वापरा.`

पहिल्या ओळीत काय झालं आणि काय जाणार, पुढे कुणाचं काय आहे त्याची नावनिशी, मग वाचवायची कमांड जशीच्या तशी, आणि सगळ्यात शेवटी मोडायची वाट. सहकाऱ्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की माणूस खरोखर थांबतो. हो/नाहीचा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही, कारण स्क्रिप्टमध्ये त्याला उत्तर द्यायला कुणी नसतं आणि माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. मोडायची वाट मात्र लपवू नका. चुकून चढलेला पासवर्ड इतिहासातून काढायचा असेल तेव्हा तिची खरी गरज पडते, आणि ती सापडली नाही तर लोक अख्खा हूक उडवतात.

याच नजरेने गिटच्या इतर कमांड बघितल्या तर कुठे जपायचं ते कळतं. `गिट क्लीन` फोर्स दिल्याशिवाय एकही फाइल काढत नाही, हा चांगला डिफॉल्ट. `गिट चेकआउट -- फाइल` मात्र कमिट न केलेले बदल एक शब्द न बोलता पुसतं, आणि ते रीफ्लॉगमध्येही सापडत नाहीत. ब्रँच बदलणं आणि फाइल पुसणं ही दोन कामं एकाच कमांडमध्ये असल्याचा हा परिणाम. २.२३ मध्ये त्यासाठी `गिट स्विच` आणि `गिट रिस्टोअर` अशा वेगळ्या कमांड आल्या, नव्या लोकांना त्याच शिकवा. मर्क्युरिअल या गिटसारख्याच टूलने आणखी पुढचं पाऊल टाकलं: एकदा सामाईक ठिकाणी पोचलेला बदल "पब्लिक" ठरतो आणि इतिहास बदलणाऱ्या कमांड त्याला हात लावायला नकार देतात.

## लावलेलं चालतंय का ते तपासा

एक रिकामा बेअर रेपो बनवा आणि त्याचे दोन क्लोन घ्या. दोन्हींत युजरचं नाव आणि ईमेल वेगवेगळं ठेवा, वरची सेटिंग लावा, पण हूक अजून लावू नका. पहिल्यातून 'चाचणी' ब्रँचवर एक कमिट पुश करा. दुसऱ्यात ती ब्रँच घेऊन त्यावर आणखी एक कमिट चढवा. आता पहिल्यात फक्त `गिट फेच` करा, ऑटो-फेच करतो तसं, मग आपला कमिट अमेंड करा आणि `गिट पुशएफ` द्या.

पुश नाकारला जायला हवा. तो गेला, तर `गिट --व्हर्जन` पाहा, २.३० पेक्षा जुनं गिट ती सेटिंग ओळखतच नाही. मग पहिल्या क्लोनमध्ये हूक लावा आणि मुद्दाम साधा `--फोर्स` द्या. दुसऱ्या क्लोनच्या कमिटचं नाव हूकच्या यादीत आलं पाहिजे. शेवटी कुणी हात न लावलेल्या नव्या ब्रँचवर अमेंड करून `गिट पुशएफ` द्या. इथे हूकने काहीही छापता कामा नये, आणि पुशची ती तीन टिंबांची ओळ तेवढी दिसली पाहिजे.